पुरवणी

ज्या मास्तराने तीसबत्तीस वर्षे परीक्षेच्या वर्गात पहारा केला, त्याला एक शब्द झोपेतसुद्धा ऐकू येतो. तो म्हणजे, "सर, पुरवणी!" पहिला तास संपतो न संपतो तोच पहिला हात वर होतो, आणि मग सगळ्या वर्गाला पुरवणीची तहान लागते. पुढे पेपर तपासायला बसावे, तर अनुभव असा की पुरवण्यांची जाडी आणि पदरात पडणारे गुण यांचा फारसा संबंध नाही. ज्याला प्रश्न कळला असतो त्याला पुरवणी उपयोगी पडते. ज्याला तो कळलेला नसतो, तो मूळ उत्तरपत्रिकेत लिहिलेलेच पुरवणीत पुन्हा लिहितो.

निवृत्तीनंतर हा शब्द पुन्हा माझ्या वाट्याला येईल असे वाटले नव्हते. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत तो आला, आणि तोही घरच्या जेवणाच्या टेबलावर.

झाले असे की माझा नातू आणि त्याचे चार सवंगडी रोज दुपारी आमच्याकडे एक खेळ मांडून बसू लागले. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्या वाचकांच्या घरी हे वेड अजून शिरलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकजण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "संध्याकाळ झाली आहे, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात, समोर गुहेचे तोंड दिसते आहे." बाकीचे एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपले पात्र आता काय करील ते ज्याने त्याने बोलून सांगायचे. यश येईल की नाही अशी शंका असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. जिंकणे-हरणे असे काही नाही; एक मोहीम महिनोन्महिने चालते. आपल्या आजीने गोष्ट सांगावी आणि मधेच आपण म्हणावे, "थांब, राजपुत्र त्या दारातून जाणार नाही," तसा हा प्रकार.

चार दिवस घर हास्याने भरून गेले. पाचव्या दिवशी आवाज चढले. एका मुलाच्या मामांनी अमेरिकेहून येताना खेळाची तीन जाडजूड पुस्तके आणली होती. त्यांतून वेचून वेचून त्याने आपला जादूगार असा काही सजवला की इतरांना करण्यासारखे कामच उरेना. तळमजल्यावरच्या मुलीजवळ एकही पुस्तक नव्हते. फुकट मिळणाऱ्या संक्षिप्त नियमांवरून तिने आपली योद्धी बेतली होती. सहाव्या दिवशी ती आली नाही. सातव्याही दिवशी नाही.

नातू माझ्याकडे आला. "आजोबा, आम्ही सगळ्यांनी मिळून पैसे जमवलेत. सगळ्यांसाठीच पुस्तके घेतो, म्हणजे भांडण नको. पण कोणती घ्यायची ते तुम्ही सांगा. तुम्ही इतिहासाचे मास्तर ना?" त्याच्या हातात अकरा पुस्तकांची यादी होती. जमलेल्या पैशांत जेमतेम दोन आली असती.

खेळातले मला कळत नव्हते. पण ही पुस्तके आली कोठून आणि का, हे तर इतिहासाच्या मास्तराने शोधावे! लक्ष्मीपूजनाच्या आदल्या तीन रात्री मी त्यात घालवल्या, आणि खरे सांगतो, मौज वाटली.

या खेळाची वंशावळ आपल्या दारापर्यंत येते. चतुरंग हा खेळ भारतातून इराणमार्गे युरोपात गेला आणि तेथे बुद्धिबळ म्हणून रुजला. १७८० साली जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या, पायदळ आणि तोफा आणल्या, आणि युद्धाचा खेळ तयार केला. पुढे प्रशियात फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी त्याला खरे रूप दिले. बापाने १८१२ च्या सुमारास राजासाठी खास टेबल बनवले. मुलगा तोफखान्यातला अधिकारी, त्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळायचे नियम छापले. प्रशियन सैन्यात हा खेळ शिक्षणाचा भाग झाला. मात्र त्याबरोबर नियमही वाढत गेले. कोष्टकांवर कोष्टके चढली. पंच म्हणून बसलेला अधिकारी हिशेबात इतका बुडून जाई की लढाई राहून जाई. शेवटी १८७६ साली फॉन व्हर्डी दु व्हर्नुआ या सेनाधिकाऱ्याने सांगितले की, कोष्टके बाजूला ठेवा. ज्याने लढाया पाहिल्या आहेत अशा पंचाच्या निर्णयावर विश्वास ठेवा.

वाचकहो, हा वाद ध्यानात ठेवावा. पुस्तक मोठे की पंच मोठा? पुढची दीडशे वर्षे तोच वाद नाव बदलून चालला आहे.

आता अमेरिकेत येऊ. विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे एक लहान गाव आहे. तेथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राही. १९७० साली त्याची विमा कंपनीतील नोकरी गेली आणि तो घरीच जोडे दुरुस्त करून संसार चालवू लागला. युद्धखेळांचा मात्र नाद भारी. १९७१ मध्ये त्याने जेफ पेरेन या मित्राबरोबर 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक छापले, आणि त्याच्या शेवटी काही पाने जोडली. जादूगार, राक्षस, पंख असलेले अजगर युद्धात उतरले तर काय करावे, याची ती पुरवणी होती! मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने ही पुरवणी हाती घेतली, खेळाडूंना सैन्याऐवजी प्रत्येकी एकच पात्र दिले आणि त्यांना किल्ल्याखालच्या भुयारात सोडले. त्याच्या मोहिमेचे नाव ब्लॅकमूर. गायगॅक्सने ते पाहिले आणि आपल्या गावी ग्रेहॉक नावाची मोहीम सुरू केली. दोघांच्या मेळातून १९७४ साली तीन पातळ पुस्तिकांची एक पेटी बाहेर पडली. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. तोच हा खेळ. म्हणजे आज ज्याला शेकडो पुरवण्या आहेत, तो खेळ स्वतःच एका पुरवणीच्या पोटी जन्मला.

त्या पुस्तिकांच्या अखेरीस गायगॅक्सने वाचकाला जे सांगितले त्याचा मतितार्थ असा की, पुढचे तुम्ही ठरवा. तुमच्या कल्पनेचे काम आम्ही कशाला करावे? पण लोकांनी ऐकले नाही. पत्रे येऊ लागली आणि पुरवण्या निघू लागल्या. १९७५ साली 'ग्रेहॉक' आणि 'ब्लॅकमूर', १९७६ साली 'एल्ड्रिच विझर्ड्री' आणि देवदेवतांवरची एक. पहिल्या दोन्हींची नावे पाहा. ती लेखकांच्या स्वतःच्या मोहिमांची नावे आहेत. टेबलावर आधी खेळ झाला, अडचणी आल्या, तोडगे निघाले, आणि मग ते छापले गेले. मूळ खेळात योद्धा, जादूगार आणि पुरोहित एवढीच पात्रे होती. ज्याच्यावाचून आज हा खेळ ओळखू येणार नाही तो चोर 'ग्रेहॉक' मधून आला. तेव्हा पुरवणी म्हणजे नुसती भरताड, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

देवदेवतांवरच्या पुस्तकापाशी मात्र मी थबकलो. त्यात ग्रीक आणि ईजिप्शियन देवांबरोबर आपलेही देव आहेत, आणि प्रत्येकापुढे त्याचे बळ आकड्यांत मांडले आहे. इंद्राला किती घाव सोसतील, याचा आकडा! मला राग येण्याऐवजी हसू आले. आपल्याच पुराणांत इंद्र इतक्यांदा पळाला आहे की त्याने तो आकडा मनावर घेतला नसता. राक्षसाची कथा तर त्याहून गमतीची. १९७७ च्या प्राणिकोशात राक्षस आहे, पण त्याचे तोंड वाघाचे आणि हातात चिलीम; आणि तो मरतो तो अभिमंत्रित बाणाने. हा बाण रामायणातला नव्हे. १९७४ साली अमेरिकन दूरदर्शनवर एका मालिकेत राक्षसाची गोष्ट दाखवली होती, तीत तो तसा मरतो. बाण तेथून पुस्तकात आला. मुलांच्या आजच्या पुस्तकातही राक्षस वाघाच्याच तोंडाचा आहे. पुढे जाणकारांकडून लिहवून घेण्याची वृत्ती आली हेही सांगितले पाहिजे. २०२२ च्या एका संग्रहात बंगालच्या वळणाची कथा आहे आणि ती कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी लिहिली आहे.

१९७७ ते १९७९ या काळात तीन मोठे ग्रंथ निघाले आणि खेळाला व्याकरण मिळाले. त्यांतल्या सूत्रधाराच्या ग्रंथाला एक परिशिष्ट आहे, मला ते सर्वांत आवडले. त्यात नियम नाहीत, कोष्टके नाहीत. ज्या कथा-कादंबऱ्या वाचून गायगॅक्सला हा खेळ सुचला त्यांची यादी आहे. एकदा उच्चारलेला मंत्र जादूगार विसरतो, हा खेळातला चमत्कारिक नियम जॅक व्हान्सच्या कथांतून आला. खेळाची खरी खाण कोठे आहे ते कर्त्यानेच सांगून ठेवले आहे.

पुढचा इतिहास दुकानदारीचा आहे. १९८९ पासून योद्ध्याचे वेगळे पुस्तक, चोराचे वेगळे, पुरोहिताचे वेगळे, अशी माळच लागली. जोडीला निरनिराळी जगे: कोठे वाळवंट, कोठे ताऱ्यांमधून जाणारी गलबते, कोठे पिशाच्चांचे प्रांत. प्रत्येक जगाचे नकाशे, पुस्तके, पेट्या वेगळ्या. एका जगात रमलेला खेळाडू दुसऱ्याची पुस्तके घेईना. गोदामे भरली, छापखान्याची देणी थकली, आणि १९९७ साली ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी २००० साली मूळ नियम इतरांनाही वापरू दिले, तेव्हा शेकडो प्रकाशक पुरवण्या घेऊन धावले. २००३ साली नियम सुधारले आणि दुकानांतल्या त्या थप्प्या एका रात्रीत जुन्या झाल्या. म्हणून की काय, २०१४ च्या आवृत्तीपासून बराच काळ पुस्तके बेताने निघाली. सार्वजनिक खेळांसाठी तर काही वर्षे नियमच होता की, आपले पात्र बेतताना मूळ ग्रंथ आणि त्याशिवाय फक्त एक पुस्तक वापरावे. आणि २०२३ पासून मूळ नियमांचा मोठा भाग कोणालाही मोफत, कायमचा वापरता येतो.

चौथ्या दिवशी सकाळी फराळाची ताटे पुढे ठेवून मी मुलांना बसवले. म्हटले, "विकणाऱ्याला दर वर्षी नवे पुस्तक लागते, ती त्याची गरज. तुमची गरज काय ते तुम्ही सांगा. आजवर खेळताना कोणता प्रश्न अडला, ज्याचे उत्तर मूळ पुस्तकात नव्हते?"

बराच वेळ कोणी बोलेना. अकरा पुस्तकांच्या यादीमागे एकही प्रश्न नव्हता! मग नातू हळूच म्हणाला, "आम्ही समुद्राशी पोचलोय. जहाज कसे चालवायचे, वादळ कसे आणायचे, ते मला येत नाही." यादी पुन्हा चाळली. त्यात २०१९ चे 'घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श' निघाले: किनाऱ्यावरच्या एका गावाभोवतीच्या जुन्या, निवडक कथा, आणि शेवटी जहाजांचे नियम. तेवढे एक घ्यायचे ठरले. उरलेले पैसे परत.

दुसरे ठरले ते असे की, कोणीही आणलेले पुस्तक टेबलाच्या मधोमध राहील, ते सर्वांचे. आणि प्रत्येकाने आपल्या पात्रासाठी मूळ नियमांखेरीज एकाच पुस्तकातून निवडावे. मामांच्या भाच्याचे तोंड उतरले. "तिघांतले कोणते ठेवू?" असे त्याने दोनदा विचारले. निवड करायला त्याला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत आपला जादूगार मुळात आहे तरी कोण, याचा त्याने प्रथमच विचार केला.

येथे एक कबुली दिली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात संदर्भग्रंथांची चळत घेऊन जात असे. मुले माझ्याकडे आदराने पाहत, आणि परीक्षेत कोरे पेपर देत. त्यांच्या मनात प्रश्न उठण्यापूर्वीच मी उत्तरे वाटत सुटलो होतो. हे कळायला मला पाच वर्षे लागली. मुलांना एका सकाळीत कळले असेल, तर ती त्यांची पुण्याई.

भाऊबीजेच्या दुपारी नातू तळमजल्यावर गेला आणि तिला घेऊन आला. सूत्रधाराने राक्षस आणला, वाघाच्या तोंडाचा. ती पुस्तकाकडे पाहून म्हणाली, "असा नसतो राक्षस. हिडिंबा अशी होती का? आणि घटोत्कच? तो तर आपल्या माणसांसाठी मेला." टेबल शांत झाले. नातवाने पुस्तक मिटले आणि विचारले, "मग कसा असतो? तू सांग."

ती सांगू लागली. तिच्या वहीचे शेवटचे पान भरले. तिने आजूबाजूला पाहिले आणि सवयीने हात वर केला. "आजोबा, एक कागद देता का?"

इतक्या वर्षांत शेकडो पुरवण्या वाटल्या असतील. ही मी धावत जाऊन आणली.