फिजिओथेरपी आणि पुनर्वसनसेवा : पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे काही

अर्धांगवायूचा झटका आलेल्या रुग्णाचा जीव वाचविण्याचे काम इस्पितळात काही दिवसांत आटोपते. त्याच रुग्णाला स्वतःच्या हाताने पेज जेवता यावी, अंगणापर्यंत चालता यावे, यासाठीचे काम मात्र पुढे कित्येक महिने चालू राहते. हे दुसरे काम फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचोपचार तज्ज्ञ करतात. केरी-तेरेखोल, इब्रामपूर किंवा मये येथील कुटुंबावर असा प्रसंग ओढवला, की उपचारांपेक्षा प्रवासाचाच प्रश्न मोठा होतो. शस्त्रक्रियेसाठी एकदा बांबोळी गाठता येते. पण व्यायामोपचारासाठी आठवड्यातून तीन-चार वेळा म्हापसा किंवा बांबोळी गाठायची, म्हणजे रुग्णासोबत घरातील एका माणसाचा रोजगारही बुडतो. मग उपचार मध्येच सुटतात आणि सांधे आखडतात. आपल्याच तालुक्यातील शिकलेली मुले-मुली या क्षेत्रात येणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

आधी नावांविषयी. ‘फिजिओथेरपी’ला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. हालचाल, बळ, तोल आणि श्वसन हा त्याचा प्रांत. व्यायाम, हाताने केलेले उपचार आणि विद्युत उपकरणे ही त्याची साधने. ‘ऑक्युपेशनल थेरपी’साठी रूढ असलेला ‘व्यवसायोपचार’ हा शब्द मात्र बराच फसवा आहे. त्याचा नोकरी-धंद्याशी संबंध थोडाच. अंघोळ, जेवण, लेखन, स्वयंपाक अशा दैनंदिन कृती पुन्हा करता याव्यात, हा त्या उपचाराचा हेतू. गुडघा किती वाकतो हे फिजिओथेरपिस्ट पाहतो. त्या गुडघ्यानिशी न्हाणीघरात कसे वावरावे, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट ठरवितो.

या दुसऱ्या शास्त्राच्या भारतातील आरंभाशी मराठी घराचा निकटचा संबंध आहे. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी १९३० साली विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. अमेरिकेत या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. आशियातील हे पहिले विद्यालय मानले जाते. अखिल भारतीय संघटना १९५२ साली स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फिजिओथेरपीचे पद्धतशीर शिक्षणही के. ई. एम.मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याच दशकाच्या आरंभी सुरू झाले. तो पोलिओचा काळ होता. लहान मुलांचे लुळे पाय पुन्हा उभे करण्याच्या निकडीतून या विद्या आपल्याकडे रुजल्या.

पेडण्याच्या किनारपट्टीवर एक गैरसमज हमखास भेटतो. मोरजी, मांद्रे, हरमल या भागांत मसाज पार्लरांच्या पाट्या इतक्या आहेत, की ‘फिजिओ’ म्हणजे मालीशच, अशी अनेक पालकांची समजूत असते आणि मुलीला या शिक्षणाला पाठविताना ती आड येते. गंमत अशी, की हा व्यवसाय संघटित झाला तोच या संशयातून. १८९४ साली लंडनमध्ये मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांचा गवगवा झाला, तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मसाजकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापून आपल्या कामाची प्रतिष्ठा राखली. ब्रिटनमधील आजची फिजिओथेरपिस्टांची संघटना त्याच संस्थेतून वाढली. धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेमुळे पंचकर्म आणि फिजिओथेरपी यांचीही गल्लत होऊ लागली आहे. आयुर्वेदाचा वैद्य होण्याचा मार्ग बीएएमएस या वेगळ्या पदवीतून जातो, हे ध्यानात ठेवावे.

शिक्षणाचा निर्णय प्रत्यक्षात दहावीनंतरच होतो. फिजिओथेरपीच्या पदवीसाठी, म्हणजे बीपीटीसाठी, बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय असावे लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेतून नंतर इकडे वळता येत नाही. पेडणे तालुक्यातील विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय कला व वाणिज्य शाखांचे आहे. विज्ञान घेऊ पाहणाऱ्याला अकरावीपासूनच तालुक्याबाहेरचाही विचार करावा लागतो. गोव्यातील व्यावसायिक पदव्यांचे प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. त्यांची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नियम गृहीत धरू नयेत. रहिवासी दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयाचे हेलपाटे निकालाआधीच उरकलेले बरे. गोव्याबाहेर जायचे असल्यास बेळगावची केएलई संस्था आपल्याला जवळची. महाराष्ट्रातील बरीच महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत.

या क्षेत्राला देशपातळीवर कायद्याची चौकट उशिरा मिळाली. महाराष्ट्राने २००२ सालीच या दोन्ही व्यवसायांसाठी परिषदेचा कायदा केला होता. केंद्राचा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोग कायदा मात्र २०२१ सालचा. त्यात समान प्रवेश परीक्षा, नोंदणी आणि परवाना परीक्षेची तरतूद आहे. आयोगाने २०२५ साली काढलेल्या अभ्यासक्रमात बीपीटी पाच वर्षांची झाली, त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे. पूर्वी ती साडेचार वर्षांची होती. शुल्काचा आणि वसतिगृहाचा हिशेब पालकांनी पाच वर्षांचाच मांडावा. सहा महिन्यांत ‘फिजिओथेरपी डिप्लोमा’ देऊ करणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. त्या कागदावर स्वतंत्र उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. नावाआधी ‘डॉ.’ लावण्याचा वाद अजून धुमसतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने तसे न लावण्याविषयी पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. केवळ त्या दोन अक्षरांसाठी कोणी इकडे येऊ नये, इतके यावरून समजावे.

काम कष्टाचे आहे. दिवसभर उभे राहणे, धिप्पाड रुग्णाला पेलणे, त्याची चिडचिड आणि रडणे सोसणे हे रोजचेच. खासगी इस्पितळातील आरंभीचे वेतन पाच वर्षांच्या शिक्षणाच्या मानाने तोकडे वाटते, हेही लपवू नये. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन अस्थी-स्नायू, मज्जासंस्था, बालरोग किंवा क्रीडा यांपैकी एखाद्या शाखेत प्रावीण्य मिळविणाऱ्याची स्थिती अधिक बरी असते. स्वतःचा छोटा दवाखाना काढायला मात्र शस्त्रक्रियागृहासारखा अवाढव्य खर्च लागत नाही, आणि आपल्या तालुक्यांत गरज उघड आहे. माडावर चढणारे पाडेली, रापण ओढणारे मच्छीमार, वर्षानुवर्षे खनिजाचे ट्रक हाकलेले चालक, वायंगणात वाकून लावणी करणाऱ्या बायका यांच्या कंबरा आणि गुडघे पाहिले, की त्यासाठी वेगळे सर्वेक्षण लागत नाही. रुग्णाशी त्याच्या बोलीत, मराठीत वा कोंकणीत, बोलता येणे हे येथे उपचाराइतकेच उपयोगी पडते. ‘दुखते’ आणि ‘ओढते’ यांतला फरक दुभाष्याकडून कळत नाही.

ज्यांचा ओढा मुलांकडे आहे त्यांनी वाचा व श्रवणोपचाराची पदवी, कृत्रिम अवयवशास्त्र किंवा विशेष शिक्षण यांचा विचार करावा. यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते. वाचोपचारासाठी मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था नावाजलेली आहे. पर्वरीची संजय स्कूल आणि डिचोलीचे केशव सेवा साधन येथे विशेष मुलांसाठीचे काम जवळून दिसते. आधी विचारून, परवानगी घेऊन चार दिवस तेथे बसले, तर आपला स्वभाव या कामाला जुळतो की नाही, हे कोणत्याही समुपदेशनापेक्षा लवकर कळते.

इंग्लंडला जाण्याचा बेत पुष्कळ घरांत असतो. तेथे ‘फिजिओथेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे आणि आरोग्य व निगा व्यवसाय परिषदेच्या नोंदणीवाचून ते वापरता येत नाही. भारतीय पदवीधराला अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील, प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांची नोंद आणि इंग्रजीचा पुरावा सादर करावा लागतो. तासांची ती नोंदवही आंतरवासितेच्या पहिल्या दिवसापासून सही-शिक्क्यानिशी जपून ठेवावी. पाच वर्षांनंतर ती नव्याने मिळविणे फार जिकिरीचे होते.