लग्न झालं, आता रिटर्न कुणाच्या नावानं?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत प्राप्तिकराविषयी बोलायला गेलो, की एक प्रश्न हमखास येतो. ‘साहेब, लग्न झालंय, दोघंही कमावतो. रिटर्न एकत्र भरायचं का वेगळं?’ विचारणारा कधी रांजणगावच्या कारखान्यात असतो, कधी कुरकुंभला, कधी दौंडच्या रेल्वेत. एखाद्याचा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे नवरा-बायको मिळून एकच विवरणपत्र भरू शकतात, मग आपल्याकडे का नाही, अशी त्याची शंका असते.

उत्तर अगदी छोटं आहे. आपल्या कायद्यात ‘जोडपं’ नावाचा करदाताच नाही. नवरा एक व्यक्ती, बायको दुसरी व्यक्ती. वडिलार्जित मिळकत असेल तर तिसरा करदाता म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. या छोट्या उत्तरामागे मात्र दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

१८५७ च्या उठावानं सरकारी तिजोरी खंगली. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला माफी होती. पाच वर्षांत तो कर बंद झाला. पुढे १८८६ च्या कायद्यानं त्याची घडी बसवली. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी घोड आणि भीमेच्या काठी आजही लागू आहेत. एक, शेतीचं उत्पन्न करातून वगळलं. दुसरी, अविभक्त कुटुंबाला करदाता मानलं. एकत्र नांदणारं घर हिशेबालाही एकच, असा तो विचार होता.

मग माणसांनी वाटा शोधल्या. दुकानात बायकोला नावापुरतं भागीदार करायचं, ठेव तिच्या नावावर टाकायची, म्हणजे उत्पन्न विभागलं जातं आणि कर कमी बसतो. १९३७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अशा भागीदारीतलं आणि नवऱ्यानं मोबदल्याशिवाय दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. १९६३ मध्ये एक वेगळंच प्रकरण त्याच न्यायालयापुढे आलं. एका गृहस्थानं लग्नाआधी वाग्दत्त वधूला शेअर दिले होते. देते वेळी ती पत्नी नव्हती, तेव्हा हे उत्पन्न त्याच्या गळ्यात घालता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे लग्नाचा मुहूर्तही करासाठी महत्त्वाचा!

लग्न झालेल्यांना कधीच सवलत नव्हती असं मात्र नाही. आपले महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५ च्या अंदाजपत्रकात त्यांनी विवाहितांसाठी करमाफीची मर्यादा पंधराशेवरून दोन हजार केली आणि अविवाहितांसाठी ती एक हजारावर आणली. संसाराचा खर्च सरकारनं जमेस धरला. पुढे हा भेद गेला. स्त्रियांसाठी थोडी जास्त मर्यादा होती, तीही २०११-१२ नंतर उरली नाही.

१९७२ मध्ये राज समितीनं नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक एकक धरावं, असं सुचवलं. ते झालं नाही. त्याच समितीची दुसरी सूचना मात्र १९७३ पासून आली. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते हिशेबात घ्यायचं.

गोव्यात याहून निराळी रीत आहे. तिथं पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मिळकत सामायिक असते. म्हणून १९९४ मध्ये प्राप्तिकर कायद्यात खास कलम घातलं गेलं. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं. अमेरिकेनं १९४८ मध्ये देशभर जोडप्यांना एकत्रित हिशेबाचा लाभ दिला. इंग्लंडमध्ये मात्र बायकोचं उत्पन्न कित्येक पिढ्या नवऱ्याचंच समजलं जाई. तिचा हिशेब स्वतंत्र झाला तो १९९० मध्ये. त्या बाबतीत आपल्या आया-बहिणी पुढे होत्या. आपल्याकडेही सनदी लेखापालांच्या संस्थेनं २०२५ च्या अंदाजपत्रकाआधी जोडप्यांना एकत्र विवरणपत्राची मुभा द्यावी, अशी सूचना केली होती.

आता व्यवहाराचं बोलू. शिक्षिकेचा पगार, शिलाईची कमाई, स्वतःच्या गाईंच्या दुधाचे पैसे हे तिचं उत्पन्न, तिच्या पॅनवर. दुधाचा धंदा म्हणजे शेती, असं समजून ते उत्पन्न सोडून देऊ नये. नवऱ्यानं तिच्या नावावर टाकलेल्या ठेवीचं व्याज नवऱ्याच्या विवरणपत्रात जातं. त्या व्याजातून पुढे जे व्याज मिळेल, ते मात्र तिचं. स्वकष्टार्जित मालमत्ता कुटुंबाच्या खात्यात टाकून कर वाचवण्याची वाट १९६९ नंतरच्या व्यवहारांपुरती बंद आहे. आणि अविभक्त कुटुंब म्हणजे फक्त मुलगे, ही समजूतही जुनी झाली. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये मुलींना जन्मतः सहदायाद केलं.

मला यात कराच्या रकमेपेक्षा मोठी गोष्ट दिसते. कागदावर बाईचं नाव असणं आणि पैसा बाईचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजानं मान्य करण्याआधी करखात्यानं ओळखलं. अर्थात स्वतःच्या वसुलीसाठी! पण त्याच कायद्यानं तिच्या कष्टाचा पैसा तिचा मानला. म्हणून घरातल्या लक्ष्मीचं रिटर्न ‘तेही टाका माझ्याबरोबर’ म्हणून उरकू नका. तिला शेजारी बसवा, आकडे दाखवा आणि मगच तिची सही घ्या.