घोड्याच्या पायातील ताप : पागेपासून उष्णताचित्रापर्यंत

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ मधील मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे सर्व महाराष्ट्रास परिचित झाले. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ह्या टापूची ओळख आणखी एका कारणाने असावयास हवी. गावाच्या दक्षिणेस गोदावरीचे खोरे आहे. लोक ह्या काठास गंगथडी म्हणतात. नदीपलीकडे, आजच्या बीड जिल्ह्यात, राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे निजामाच्या फौजेचा पराभव झाला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीस पूर होता, निजाम अलीकडच्या तीरावर येऊन पोहोचला होता आणि मागे राहिलेली त्याची फौज मराठ्यांच्या हाती सापडली, एवढे आपण वाचलेले असते. ह्या लढाईपूर्वी कित्येक महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर न येता एकमेकांचा मुलूख तुडवीत होती. निजामाने पुण्यापर्यंत धाव घेतली, मराठ्यांनी त्याच्या राज्यात खोलवर स्वाऱ्या केल्या. अशा मोहिमेचा जय हा जसा सेनापतीच्या बुद्धीवर, तसाच घोड्यांच्या पायांवर अवलंबून असतो. त्या पायांची परीक्षा कोण करीत असे, कशी करीत असे आणि त्या परीक्षेची भाषा कोणती होती, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनात क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास एक निमित्त आहे. गेल्या साठ वर्षांत अश्ववैद्यकात उष्णताचित्रणाचे साधन आले. घोड्याच्या अंगातून बाहेर पडणारे, डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण टिपून त्याच्या कातडीवरील उष्ण व थंड जागा रंगांच्या भेदाने दाखविणारे हे यंत्र आहे. ह्या साधनाकडे सर्वस्वी नवी गोष्ट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, ह्या यंत्राने पागेतील एका जुन्या कृतीस, तळहाताने पाय चाचपून तुलना करण्याच्या कृतीस, दृश्य रूप दिले. आणि त्या कृतीमागील जाणतेपणाची नोंद आपल्या कागदपत्रांनी फारशी न ठेवल्यामुळे चित्र वाचण्याची अर्धी विद्या आपण गमावण्याच्या बेतात आहोत.

प्रथम पागेची व्यवस्था पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल ह्या दोन गोष्टींस स्वतंत्र माणूस नेमणारी ही व्यवस्था घोड्याच्या शरीराचा विचार किती बारकाईने करीत होती, हे उघड आहे. शिवाजी महाराजांनी मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणावैरण आधीच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेस उपद्रव देतील, हा त्यातील इशारा. आणि उंदराने जळती वात ओढून नेली तर गवतास आग लागेल, ही त्यातील सूक्ष्म सावधगिरी. राज्य, रयत आणि घोडे ह्यांचे परस्परावलंबन इतक्या थोड्या शब्दांत सांगणारा दुसरा कागद सापडणे कठीण. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा लंगडला तर त्याची रोजी बुडाली. तेव्हा लंगडेपणाची पहिली चाहूल ओळखणे हा चरितार्थाचा प्रश्न होता. ही शिलेदारी पद्धत आणि तो शब्द इंग्रजांनीही आपल्या हिंदी घोडदळात उचलला व पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत चालविला.

आता ह्या व्यवहाराची भाषा कोणती, ते पाहावे. घोड्याविषयीची जी शब्दसंपत्ती आपल्यापर्यंत मुबलक पोहोचली, ती मुख्यत्वे ओळखीची आहे. अबलख, कुमाईत, समंद, सुरंग, नुकरा, पंचकल्याणी हे शब्द घोड्याचा रंग व खुणा सांगतात. हा घोडा तोच आहे, बदललेला नाही, हे हिशेबात सिद्ध व्हावे म्हणून ह्या शब्दांची गरज होती. ही परंपरा फार जुनी आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या अभिधानचिंतामणीत घोड्यांच्या रंगांची कोकाह, सेराह, कियाह, वोल्लाह अशी नावे दिली. संस्कृत कोशात बसलेले हे शब्द घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेकडून आलेले आहेत. त्याच शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासातही अश्वांच्या प्रकारांचे सविस्तर विवेचन आहे. सारांश, घोडा विकत घेणारा व त्याची नोंद ठेवणारा ह्या दोघांची भाषा ग्रंथांत शिरली.

घोड्याची रोज सेवा करणाऱ्याची भाषा मात्र ग्रंथांत तितकीशी आली नाही. खरारा करणारा, पायावरून रोज हात फिरविणारा मोतद्दार किंवा खासदार हा लिहिणारा नव्हता. आज लोकसभेच्या सदस्यास लावला जाणारा 'खासदार' हा शब्द जुन्या मराठीत घोड्याच्या चाकरास लावीत, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. शब्द पदवीस चढला, पण त्या चाकराचे ज्ञान पागेतच राहिले. अश्ववैद्यास 'सालोत्री' म्हणत. शालिहोत्र ह्या आचार्याच्या नावावरून हा शब्द आला आणि हिंदुस्थानी भाषेतून छावण्यांत सर्वत्र पसरला. सालोत्र्यांच्या परिभाषेत हड्डा, बेलहड्डी, चकावळ असे शब्द येतात. ह्या शब्दांचा अर्थ पाहिला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. हे सारे शब्द पायावर आलेल्या हाडाच्या वाढीचे आहेत, म्हणजे जो विकार डोळ्यांस दिसू लागला त्याचे. त्याआधीच्या अवस्थेस, पाय सुजलेला नाही व घोडा लंगडतही नाही परंतु हातास काही वेगळे लागते त्या अवस्थेस, स्वतंत्र पारिभाषिक नाव आढळत नाही.

तथापि नाव नाही म्हणून जाणीव नव्हती, असे अनुमान काढणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. मराठीत उष्णतेच्या पायऱ्या सांगणारे शब्द विपुल आहेत : कोमट, ऊन, कढत, आणि शरीराविषयी कणकण, कसर, ताप. ह्यांपैकी 'कसर' हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. अंगात कसर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेहमीपेक्षा किंचित अधिक असे म्हणावयाचे असते. ह्या शब्दाचा अर्थ एका अंकाने सांगता येत नाही. तो तुलनेत राहतो. आईचा हात लेकराच्या कपाळावर ठेवला जातो तेव्हा तो मोजत नाही, ताडून पाहतो. पागेतील हातही तेच करी. एका पायावरून तळहात खाली आणावयाचा, मग त्याच जागी दुसऱ्या पायावर. आणि दोहोंत भेद लागला तर त्या दिवशी घोडा बाहेर काढावयाचा नाही.

ह्या कृतीस शरीरशास्त्राचा भक्कम आधार आहे. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायूंचे मांस जवळजवळ नसते. तेथे हाड, कंडरा, रक्तवाहिन्या आणि वरून पातळ कातडी एवढेच असते. कंडरेचे तंतू ताणाने दुखावले की त्या जागी रक्तप्रवाह वाढतो आणि ती उष्णता कातडीपर्यंत येते. सूज व लंगडेपणा मागाहून येतात. पाश्चात्त्य वैद्यकात सेल्सस ह्या रोमन ग्रंथकाराने दाहाची लाली, सूज, उष्णता व वेदना अशी चार लक्षणे सांगितली. ह्यांपैकी केसाळ कातडीवर लाली दिसत नाही, वेदना घोडा बोलून दाखवीत नाही, आणि सूज उशिरा येते. उरते ती उष्णता.

इंग्रजी अमलात अश्ववैद्यकाचे शिक्षण संस्थांत आले. १८६२ मध्ये पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली आणि १८८६ मध्ये मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. तापमापकही आला. निरोगी घोड्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते, हे अंकांत सांगता येऊ लागले. परंतु तापमापक सर्व देहाचा ताप सांगतो. उजव्या पायाच्या कंडरेत कसर आहे काय, हे तो सांगत नाही. त्यासाठी शिकलेल्या वैद्यासही तळहाताचाच आश्रय घ्यावा लागे. आधुनिक विद्येच्या पहिल्या शतकात पागेतील ही कृती टिकून राहिली, ती रूढीमुळे नव्हे, तर तिला पर्याय नव्हता म्हणून.

तो पर्याय निराळ्याच वाटेने आला. १८०० मध्ये विल्यम हर्शेल हा ज्योतिर्विद सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील रंगांची उष्णता मोजीत असता, तांबड्या रंगाच्या पलीकडे जेथे काहीच दिसत नाही तेथे तापमापकाचा पारा अधिक चढला. अवरक्त किरणांचा हा शोध दीडशे वर्षांनी वैद्यकात आला. १९५६ मध्ये कॅनडातील रे लॉसन ह्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या जागी कातडी अधिक उष्ण असते असे दाखविले, आणि १९६५ मध्ये अमेरिकेत डेलाहँटी व जॉर्जी ह्यांनी अश्ववैद्यकातील उष्णताचित्रणावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे स्वीडनमध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरांचा अशाच रीतीने अभ्यास झाला. १९८० मध्ये अमेरिकेतील पुरोहित व मॅकॉय ह्यांनी घोड्यातील दाहाच्या निदानासाठी ह्या पद्धतीचे विवेचन केले. लंगडेपणा दिसण्यापूर्वी काही दिवस, कधी सुमारे दोन आठवडे आधी, चित्रात उष्ण जागा दिसू शकते, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. माणसाच्या तळहातास सामान्यतः एक-दोन अंशांचा भेद जाणवतो; यंत्रास अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. दोन्ही पायांच्या त्याच जागी एक अंशाहून अधिक फरक असेल तर तो संशयास्पद मानतात. नीट पाहिले तर ही कसोटी मोतद्दाराचीच आहे : ह्या पायास त्या पायाशी ताडून पाहणे.

उपयोग केवळ रोगनिदानापुरता राहिला नाही. २००८ च्या ऑलिंपिकमधील अश्वस्पर्धा हाँगकाँग येथे झाल्या, तेव्हा काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीतील तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, आढळून त्यांना स्पर्धेबाहेर काढण्यात आले. असे द्रव्य पायास चोळले की कातडी हुळहुळी होते आणि अडथळ्याच्या दांड्यास पाय लागू नये म्हणून घोडा अधिक उंच उडी घेतो. अशा पायावरील अस्वाभाविक उष्णता शोधण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उष्णताचित्रणाचे साहाय्य घेतले जाते. बोलू न शकणाऱ्या जनावराची साक्ष येथे त्याच्या कातडीने दिली, असे म्हणता येईल.

परंतु साक्ष वाचावी लागते. उष्णताचित्र हे निदान नव्हे. घोडा नुकताच चालून आलेला असेल, पायावरची पट्टी आताच सोडली असेल, अंग ओले असेल किंवा वारा एका बाजूने लागत असेल, तर चित्र फसविते. म्हणून घोड्यास आधी सावलीत, वारा नसलेल्या जागी स्थिर उभे करावे लागते. आपल्या प्रदेशात ही अडचण अधिकच तीव्र आहे. जालना-बीडकडील वैशाखात दुपारचा पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या वेळी भोवतालची हवाच कातडीहून उष्ण असते आणि रोगट व निरोगी जागांतील भेद पुसला जातो. पहाटेची वेळ त्यासाठी बरी. पंचकल्याणी घोड्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. त्याचे चारही पाय खालून पांढरे असतात. उन्हात काळे केस पांढऱ्याहून अधिक तापतात, त्यामुळे उन्हात घेतलेल्या चित्रात पांढरा रंग संपतो तेथे दाहाची सीमा असल्याचा भास होईल. सावलीत हा भास नाहीसा होतो. शुभलक्षण म्हणून जपलेला शब्द येथे वैद्यास सावधगिरीची सूचना देतो. मात्र तो शब्द आणि त्याचा अर्थ वैद्यास ठाऊक असला पाहिजे.

येथेच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. घोडदळे गेली, राजांच्या पागा रिकाम्या झाल्या. तरीही महाराष्ट्रात घोडा संपलेला नाही. धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर तट्टे चालतात, लग्नाच्या वरातीस घोडी लागते, नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. भीमथडी घोड्यास तर अलीकडे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणीही मिळाली आहे. मोबाईलला जोडता येण्याजोगी लहान उष्णताचित्रण यंत्रे आज मिळतात. उद्या ती ह्या बाजारांतही पोहोचतील. त्या दिवशी पशुवैद्याच्या हाती रंगीत चित्र असेल आणि समोर घोडीवाला असेल. ह्या जागी नेहमीच ऊन लागते की आजच, ही घोडी बसून उठली की चालून आली, कोणत्या पायावर भार टाकून उभी राहते, हे यंत्र सांगणार नाही. ते घोडीवाला सांगेल, आणि आपल्या शब्दांत सांगेल. ते शब्द वैद्यास कळले नाहीत, तर अंशाच्या दहाव्या भागापर्यंत बिनचूक असलेले चित्रही मुके राहील, आणि चुकीच्या निदानाचा भार त्या जनावराच्या पायावर व त्याच्या धन्याच्या पोटावर पडेल.

पागेच्या कागदांनी घोड्याचा रंग, किंमत व वैरण नोंदली. तळहाताचे ज्ञान नोंदले नाही, कारण ते ज्यांचे होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ही उणीव भरून काढण्याची संधी अजून गेलेली नाही. गंगथडीच्या गावांतून, यात्रांच्या तळांवरून, घोडे पाळणाऱ्यांच्या तोंडची स्पर्शाची, चालीची व तापाची शब्दावली प्रत्यक्ष प्रयोगासह टिपून घेणे, हे काम भाषाशास्त्राच्या व इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पशुवैद्यांच्या साहाय्याने अंगावर घेण्यासारखे आहे. चित्र घेणारे यंत्र विकत मिळते. 'ह्या पायात कसर आहे' असे हात लावून म्हणणारा माणूस मात्र प्रत्येक पिढीबरोबर कमी होत आहे, आणि त्याच्याकडे आपण आधी गेले पाहिजे.