थरांखालचा काळ

दिवाळीच्या तोंडावर रंग देण्यासाठी भिंत खरवडायला घेतली की एखादा पोपडा निघतो. त्याखालून मागचा पिवळा रंग डोकावतो, त्याच्याही खाली आजोबांच्या वेळची निळी झाक. चार बोटांच्या जागेत तीन पिढ्या! वासुदेव गायतोंडे यांचे चित्र पाहिले की मला ती भिंत आठवते. एरवी त्या चित्रापुढे आपला प्रश्न ठरलेला : “हे आहे तरी कशाचे?”

गायतोंड्यांचे घराणे गोव्याकडचे, जन्म मात्र नागपूरचा, १९२४ सालचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली ते पदविका घेऊन बाहेर पडले. आरंभी ते माणसे काढीत, पक्षी काढीत. हळूहळू आकृती विरत गेल्या. पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना कामाला जागा मिळाली. जवळच समुद्र. त्याच्याकडे पाहत ते बसून राहत. त्या काळातल्या कित्येक चित्रांत धूसर पसारा आणि मधूनच एखादी आडवी रेघ दिसते. लोकांना त्यात क्षितिज दिसे. ते स्वतः आपल्या चित्रांना ‘अमूर्त’देखील म्हणू देत नसत, मग निसर्गचित्र म्हणणे दूरच! पण पाहणाऱ्याला समुद्र दिसला, तर त्यात त्याचा काही अपराध आहे असे मला वाटत नाही.

१९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. या दशकात त्यांच्या हातातला कुंचला मागे पडला आणि रूळ व रंगाची सुरी पुढे आली. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर दुसरा. सुरीने थोडा खरवडायचा. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलून घ्यायचे. खालचा रंग वर येई तो असा, जुन्या भिंतीसारखा. वर्षाकाठी चित्रे होत पाच-सहा. बाकीचा वेळ कुठे गेला, असे हिशेबी माणूस विचारील. तो चित्रातच गेला. वाट पाहणे हेही त्यांच्या लेखी कामच होते.

१९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये एकटे राहिले. १९८४ साली रिक्षाच्या अपघाताने मोठ्या कॅनव्हासचे काम थांबले. ज्या माणसाची चित्रे धीरावर उभी, त्याच्याच शरीराने असा धीर सोडावा! त्यांनी लहान कागद घेतले आणि त्यांवर शाईच्या मोजक्या खुणा केल्या. नंतर ते कॅनव्हासकडे परतले, १९९८ च्या सुमारास थांबले आणि २००१ साली गेले.

२०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींहून अधिक किंमत आली, तेव्हा वर्तमानपत्रांना ते एकदम आठवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले.

त्यांच्या बहुतेक चित्रांना नाव नाही. पुढच्या बाजूला एक अक्षर सापडत नाही. कॅनव्हास उलटा केला, की अनेकदा मागे सही मिळते, कधी देवनागरीतसुद्धा, आणि शेजारी साल.