पुस्तकांची वाट : माहूरचे टपाल

मराठवाड्याच्या वाङ्मयीन इतिहासात टपालाला जागा मिळत नाही, हे विचित्रच आहे. एके काळी पैनगंगेच्या एका तीरावर, माहूरच्या बाजूला, निजामाचे स्वतंत्र टपालखाते चाले, तर पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचे. १९५० मध्ये निजामी खाते भारतीय टपालात विलीन झाले.

१९८६ च्या स्पीड पोस्टने वेग आणला. पुस्तकांना परवडत होती ती छापील पुस्तकांची रजिस्टर्ड सवलत. डिसेंबर २०२४ मध्ये तीही बंद झाली. मे २०२५ पासूनच्या ‘ज्ञान पोस्ट’ने पाच किलोंची पुस्तके शंभर रुपयांत (कर वेगळा) पोहोचतात. दर वजनावर, अंतरावर नव्हे; म्हणजे पुण्याहून रेल्वे नसलेल्या माहूरला यायलाही तेवढेच. जाहिराती छापणारा दिवाळी अंक मात्र या योजनेत बसत नाही!