पाणी कोण भरत होतं?

आठवीतली पुण्याची सहल आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. दोन एसटी गाड्या, डब्यात पुरी-भाजी आणि शनिवारवाड्याच्या दारात काढलेला तो एकमेव ग्रुप फोटो. मला मात्र त्या सहलीतलं आठवतं ते हजारी कारंजं. ते कोरडंच होतं. आपण त्याच्याभोवती दंगा करत होतो आणि इतिहासाच्या बाई कठड्याशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "वाडा कुणी बांधला?" सगळे एका सुरात ओरडलो, "पहिल्या बाजीरावानं!" मग बाई म्हणाल्या, "ते पाटीवर लिहिलंय, त्यात काय मोठं? या कारंजात पाणी कुठून येत होतं? आणि इथे पाणी कोण भरत होतं?"

उत्तर कुणालाच आलं नाही. मग बाईंनी कात्रजची गोष्ट सांगितली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळातून पुण्यात पाणी आणलं, ती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. "विचारत राहा," एवढंच म्हणाल्या.

मी इतिहास हा विषय घेतला नाही. पोटापाण्यासाठी आकडेमोड केली आणि निवृत्त झालो. पण २०१८ च्या उन्हाळ्यात मुलीकडे हॅम्बुर्गला गेलो, तिच्या गाडीतून आठवडाभर जर्मनीच्या खेड्यापाड्यांतले राजवाडे पाहिले आणि बाईंचा तो प्रश्न पुन्हा मानगुटीवर बसला. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

हॅम्बुर्गच्या पूर्वेला, बाल्टिक समुद्राच्या काठी मेक्लेनबुर्ग नावाचा प्रांत आहे. शहरं थोडी, तळी भरपूर, आणि शेतं अशी की बांध कुठे संपतो ते दिसत नाही. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना लिंडन आणि ओक यांच्या जुन्या रांगा, मधूनच लाल विटांचं उंच चर्च. त्या वर्षी तिकडे पाऊस पडला नव्हता. गहू लवकर कापून झाला होता आणि गवत आपल्याकडच्या एप्रिलसारखं पिवळं पडलं होतं. या भागात लहानमोठे राजवाडे आणि जमीनदारांच्या हवेल्या मिळून दोन हजारांच्या आसपास वास्तू आहेत. कुठल्याही खेड्यात शिरा, एका टोकाला चर्च आणि दुसऱ्या टोकाला हवेली. एवढ्या हवेल्या आल्या कुठून, हा पहिला प्रश्न. उत्तर त्या बांध नसलेल्या शेतांत आहे.

१६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात हा मुलुख ओस पडला. पडीक जमिनी सरदारांनी आपल्या शेतीला जोडल्या आणि उरलेले शेतकरी भूदास झाले. भूदास म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, लग्न करता येत नाही, आणि मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस वेठ करावीच लागते. १७५५ मध्ये इथल्या ड्यूकनं सरदारांशी एक करार केला. त्यानं सरदारांचे जुने हक्क पक्के झाले. शेतकऱ्याला जमिनीवरून उठवून ती स्वतःच्या शेतीत घालण्याचा हक्कही त्यात होता. हा करार राज्याची घटना म्हणून थेट १९१८ पर्यंत टिकला. मोठी शेतं, मोठ्या हवेल्या आणि लहान झोपड्या, हे सगळं एकाच हिशेबातून आलेलं आहे.

पहिल्या दिवशी आम्ही समुद्राजवळच्या क्ल्युट्स गावी बोथमरचा राजवाडा पाहिला. हान्स कास्पार फॉन बोथमर हा हॅनोव्हरचा मुत्सद्दी. हॅनोव्हरचा इलेक्टर १७१४ मध्ये पहिला जॉर्ज म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला, त्यामागे बोथमरची बरीच खटपट होती. लंडनमध्ये तो डाउनिंग स्ट्रीटवरच्या घरात राहत असे. आज जिथे ब्रिटनचे पंतप्रधान राहतात, तेच ते घर. लंडनमध्ये बसून त्यानं मेक्लेनबुर्गात जमिनी घेतल्या आणि १७२६ ते १७३२ या काळात हा विटांचा प्रचंड राजवाडा बांधवून घेतला. १७३२! शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली तेच वर्ष. दारापर्यंत जाणाऱ्या वाटेवर लिंडनची झाडं अशी छाटून वाढवली आहेत की दोन्ही बाजूंना हिरवी तोरणं बांधल्यासारखी वाटतात. त्या वाटेनं चालताना कुणालाही आपण लग्नाला आलोय असं वाटावं.

गंमत म्हणजे बोथमरनं हा राजवाडा पुरा झालेला पाहिलाच नाही. १७३२ मध्येच तो लंडनला वारला. घराण्याचं लॅटिन बोधवाक्य मात्र तिथे कोरलेलं आहे. त्याचा अर्थ, शेवटाकडे लक्ष असू दे. मुलगी म्हणाली, "बाबा, मालकानं न पाहिलेलं घर कुणी पाहिलं असेल?" अर्थात विटा वाहणाऱ्यांनी. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्युस्ट्रो. हा राजवाडा आणखी जुना. जुनी गढी जळाल्यावर ड्यूक उलरिशनं १५५८ पासून तो बांधायला घेतला. वास्तुकार होता फ्रान्स पार. दिवाणखान्याच्या भिंतीवर वरच्या बाजूला गिलाव्यात घडवलेली हरणं आहेत आणि त्यांना खरी शिंगं बसवलेली आहेत. तीस वर्षांच्या युद्धात वालेनस्टाइन हा प्रसिद्ध सेनापती इथे राहून राज्य करत होता. १६९५ मध्ये ग्युस्ट्रोच्या ड्यूकांचा वंश संपला आणि वास्तू हळूहळू मोडकळीला आली. इथपर्यंतची कथा आपल्या कुठल्याही वाड्याला शोभेल अशी. पुढची वेगळी आहे.

१८१७ मध्ये या राजवाड्यात श्रमगृह उघडलं. भिकारी, बेघर, भटके अशांना आणून डांबायचं आणि काम करून घ्यायचं. तीनच वर्षांनी, १८२० मध्ये, मेक्लेनबुर्गात भूदासपद्धत रद्द झाली. ऐकायला छान वाटतं. पण कायद्यानं माणूस मोकळा झाला तसा जमीनदारही मोकळा झाला. आता त्याला मजुराला सांभाळण्याचं बंधन राहिलं नाही. गावात घर करायला जमीनदाराची परवानगी लागे आणि घर नसेल तर लग्न करता येत नसे. माणसं रस्त्यावर आली. कित्येकांनी हॅम्बुर्गहून अमेरिकेची बोट धरली आणि जे मागे राहिले त्यांच्यातल्या काहींची पावलं श्रमगृहाकडे वळवली गेली. शिंगांची हरणं वर आणि सुटका झालेले भूदास खाली! ज्यांच्या वेठीवर असले राजवाडे उभे राहिले, त्यांना अखेर राजवाड्यात जागा मिळाली ती अशी. त्या जिन्यावर मी बराच वेळ बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी लुडविग्सलुस्ट. बर्लिन-हॅम्बुर्ग रेल्वेमार्गावरच आहे, तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात तर जरूर उतरा. क्लेनो नावाचं खेडं आणि तिथलं शिकारीचं घर, एवढ्यावर ड्यूक फ्रीडरिशनं १७६४ मध्ये श्वेरीनहून राजधानी हलवली आणि १७७२ ते १७७६ मध्ये योहान योआखिम बुश या वास्तुकाराकडून राजवाडा बांधून घेतला. बाहेरून वालुकाश्म, आतून वीट. माथ्यावर शास्त्रं, कला आणि सद्गुण यांचे चाळीस भलेमोठे पुतळे. आतला सोनेरी दरबार पाहून डोळे दिपतात. मग कळतं की ते कोरीवकाम लाकडाचं नाही आणि संगमरवराचंही नाही, ते कागदाच्या लगद्याचं आहे! खजिन्यात खडखडाट होता. म्हणून कागद भिजवून, खळ घालून, साच्यात दाबून, वाळवून, घासून त्यावर रंग आणि सोन्याचा वर्ख चढवला. हे काम इतकं सरस झालं की पुढे इथला माल बाहेरही विकला जाऊ लागला. आपल्याकडे गणपतीच्या मखरासाठी कागदाच्या लगद्याशी झटापट केलेल्यांना या कारागिरांबद्दल माझ्याइतकाच आदर वाटेल.

राजवाड्यासमोर पाण्याचे धबधबे आहेत. आणि बाई, इथे मला तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. या सपाट, रेताड जागी पाणी नव्हतं. ते आणण्यासाठी सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा कालवा खणला. काम सुरू झालं १७५६ च्या सुमाराला, म्हणजे इकडे नानासाहेब पेशवेच गादीवर होते. कात्रज आणि लुडविग्सलुस्ट, दोन्ही एकाच पिढीचे.

इथवर मी खुशीत होतो. पूर्ण राजवाडा फोटोत यावा म्हणून मागे मागे सरकत समोरच्या चर्चच्या दिशेनं गेलो आणि हिरवळीवरून चार-पाच फोटो काढले. मग वळलो, तेव्हा मुलगी एका फलकासमोर उभी दिसली. ती बोलत नव्हती.

लुडविग्सलुस्टजवळच्या व्योबेलीन इथे १९४५ च्या फेब्रुवारीत नाझींनी एक छळछावणी उघडली. ती जेमतेम दहा आठवडे चालली. तेवढ्यात तिथे हजारावर माणसं मेली, बहुतेक उपासमारीनं. २ मे रोजी अमेरिकेच्या ब्याऐंशीव्या हवाई डिव्हिजनचे सैनिक तिथे पोचले. त्यांनी गावातल्या लोकांना छावणी पाहायला लावली, आणि ७ मे रोजी दोनशे मृतांचं दफन राजवाडा आणि चर्च यांच्या मधल्या जागेत केलं. पकडलेले जर्मन अधिकारी आणि गावकरी त्या वेळी हजर होते. ड्यूकच्या खिडकीतून दिसेल अशीच ती जागा होती.

मी त्यांच्याकडे पाठ करून फोटो काढत होतो. वर चाळीस सद्गुण उभे आणि माझ्या मागे दोनशे थडगी. ते फोटो मी नंतर पुसले नाहीत. पण कुणाला दाखवलेही नाहीत. आज प्रथमच सांगतोय.

शेवटच्या दिवशी मोठा राजवाडा नको असं मीच म्हटलं. वाटेतल्या एका लहान खेड्यात गाडी थांबवली. तिथली हवेली नुसतीच उभी होती. छपराचा एक भाग पत्र्यानं झाकलेला, अंगणात सफरचंदाची झाडं. समोरच्या घरातून काठी टेकत एक आजीबाई आल्या, वय ऐंशीच्या घरातलं. कोण, कुठले, विचारपूस झाली. मुलगी जर्मनमधून मराठीत सांगत होती.

१९४५ च्या सप्टेंबरमध्ये रशियनांच्या ताब्यातल्या या भागात शंभर हेक्टरांवरच्या सगळ्या जमीनदाऱ्या भरपाई न देता काढून घेतल्या गेल्या. जमीनदार परागंदा झाले, जमिनीचे तुकडे भूमिहीनांना आणि निर्वासितांना वाटले गेले. पुढे पंधरा वर्षांत ते तुकडे सहकारी शेतीत पुन्हा एक झाले, म्हणून बांध दिसत नाहीत. काही हवेल्या पाडून त्यांच्या विटांनी नव्या शेतकऱ्यांची घरं बांधली. उरलेल्यांत कुठे बालवाडी, कुठे दुकान, कुठे दवाखाना आला. बोथमरच्या राजवाड्यातही चाळीसहून अधिक वर्षं वृद्धाश्रम होता. आणि सगळ्यात आधी, अगदी सुरुवातीला, या हवेल्यांमध्ये निर्वासित राहिले. पूर्व प्रशिया, पोमेरानिया, सायलेशिया इथून घरदार सोडून आलेले. आजीबाई त्यांतल्याच. सात वर्षांच्या असताना आईबरोबर पोमेरानियातून आल्या. हवेलीच्या दिवाणखान्यात चादरी टांगून पाच कुटुंबं राहत होती. चूल एकच, पाळीपाळीनं वापरायची.

मला राहवलं नाही. मुलीला म्हटलं, "त्यांना विचार, एवढ्या लोकांना पाणी कुठून येत होतं?"

आजीबाईंनी काठीनं अंगणाच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे गंजलेला हातपंप होता. "तिथून," त्या म्हणाल्या. "आई शेतावर कामाला जायची. पाणी मीच भरायचे. दोन बादल्या, दिवसातून आठ खेपा. हिवाळ्यात पंप गोठायचा, तेव्हा आधी गरम पाणी ओतावं लागे. त्यासाठी आदल्या रात्रीचं पाणी राखून ठेवायचं, हे मला सातव्या वर्षी कळलं होतं."

मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इतक्या लांबून आलात आणि पाण्याचंच का विचारता?"

मी त्यांना शनिवारवाडा, कोरडं कारंजं आणि बाईंबद्दल सांगितलं. मुलीनं ते जर्मनमध्ये कसं सांगितलं कोण जाणे, पण आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

बाई, तो नमस्कार पोचवायला मला इतकी वर्षं लागली. मेळाव्याला तुम्ही याल असं कळलंय. तेव्हा समक्ष सांगेनच, पण छापूनही ठेवतो.