मेंदूच्या गंभीर आघातानंतर कवटीच्या शस्त्रक्रियेची वेळ (वसई-विरार परिसर)

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे ग्लासगो कोमा मापनातील (1974) गुण 3 ते 8 भरल्यास आघात गंभीर समजतात. कवटी ताणत नाही. तिच्यात मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव यांपुरतीच जागा असते. रक्त साचले किंवा मेंदू सुजला की आतला दाब चढतो, डोळ्याची बाहुली विस्फारते आणि मस्तिष्कस्तंभ चेपला जाऊन श्वास बंद पडतो. हे घडण्याआधी कवटी उघडणे हा शस्त्रक्रियेचा हेतू.

रक्तगाठी : कवटी व मेंदूचे जाड आवरण यांच्यामधील एक्स्ट्राड्यूरल गाठ बहुधा कानशिलाच्या हाडाखालील धमनी फुटून होते. असा रुग्ण कधी शुद्धीवर येतो, बोलतो, घरी जायचे म्हणतो आणि काही तासांत कोसळतो. बोलत आहे म्हणून त्याला सोडून देणे घातक ठरते; वेळेत गाठ काढल्यास हाच रुग्ण पूर्ण बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. 2006 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार 30 घ. सेंमी.पेक्षा मोठी एक्स्ट्राड्यूरल गाठ शुद्धी कशीही असली तरी काढावी. आवरणाखालील सबड्यूरल गाठ 10 मिमी.हून जाड असेल किंवा मेंदूची मध्यरेषा 5 मिमी.हून अधिक सरकली असेल, तर तीही काढावी. सबड्यूरल गाठीच्या 82 रुग्णांवरील 1981 च्या प्रसिद्ध अभ्यासात चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्युप्रमाण 30%, तर उशिरा झालेल्यांत 90% होते. पुढील अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही; तरीही चार तासांचा दंडक टिकून आहे.

वसई-विरार : दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणा यांच्यामधील हे महानगरपालिका क्षेत्र (स्थापना 3 जुलै 2009) 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 12,22,390. अहमदाबाद महामार्ग व गर्दीची लोकल रेल्वे ही येथील डोक्याच्या दुखापतींची ठळक ठिकाणे. सीटी स्कॅनची सोय खाजगी रुग्णालयांत आहे. पण खर्च न पेलणाऱ्यांची वाट वर्सोवा पुलावरून मुंबईतील जोगेश्वरी, कूपर, शीव किंवा केईएम या रुग्णालयांकडे जाते. जुलै 2025 च्या अखेरीस पालघरहून मुंबईला निघालेली एका जखमी महिलेची रुग्णवाहिका महामार्गावरील कोंडीत अडकली व मुंबईला पोहोचण्याआधीच तिचा मृत्यू झाला. म्हणून येथे चार तास दाखल झाल्यापासून नव्हे, अपघातापासून मोजले पाहिजेत. स्कॅन आधी जवळच करावा, त्याची चित्रे पुढच्या न्यूरोसर्जनला फोनवर पाठवावीत आणि रुग्ण वाटेत असतानाच शस्त्रक्रियागृह सज्ज ठेवावे. श्वासनलिकेत नळी न घालता बेशुद्ध रुग्णाला दूर हलवू नये.

हाड काढून ठेवणे : गाठ नसताना केवळ सुजेसाठी कवटीचा मोठा तुकडा काढण्याबाबत मतभेद आहेत. डेक्रा चाचणीत (2011, 155 रुग्ण) पहिल्या 72 तासांत, दाब 20 मिमी. पाऱ्यावर पंधरा मिनिटे राहताच हाड काढले. वाईट परिणाम 70% रुग्णांत दिसले, केवळ औषधोपचार मिळालेल्यांत 51%. रेस्क्यू-आयसीपी चाचणीत (2016, 408 रुग्ण) इतर उपाय थकल्यावर, दाब 25 वर गेल्यानंतर हाड काढले. सहा महिन्यांतील मृत्यू 48.9% वरून 26.9% वर आले. मात्र जाणीवशून्य अवस्थेत राहणारे 2.1% ऐवजी 8.5% झाले. संमती घेताना हा दुसरा आकडाही नातेवाइकांना सांगणे आवश्यक आहे.

काढलेले हाड भारतात अनेकदा पोटाच्या त्वचेखाली जपतात, अन्यथा डीप-फ्रीझरमध्ये. ते पुन्हा बसवण्याची वेळ साधारणपणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत, एकमत नाही.

पुनर्वसन : फिजिओथेरपी व वाचा-उपचार शुद्ध येताच सुरू करतात.